नायट्रोवर पळणाऱ्या कूपे : १९४९ साली गोलेटात नेमकं जिंकलं कोण?

निळा_धूर | शुक्रवार, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने रात्रीची जेवणं उरकली की माझा एकच उद्योग चालू आहे. अमेरिकेत १९४९ पासून पुढची पंधराएक वर्षं नायट्रोमिथेनवर पळणाऱ्या ज्या जुन्या कूपे होत्या, त्यांचे फोटो आणि वर्णनं शोधून वाचत बसायचं. मुलगी म्हणते, बाबांना नवा नाद लागलाय. लागलाय खरा.

सुरुवात एका शर्यतीपासून झाली. एप्रिल १९४९, कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळचं गोलेटा, तिथल्या विमानतळालगतचा एक रस्ता. एका बाजूला टॉम कॉब्ज. त्याची १९२९ ची फोर्ड रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची हलकी गाडी, आणि इंजिनावर सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र. दुसऱ्या बाजूला फ्रॅन हर्नांडेझ, व्हिक एडलब्रॉकच्या वर्कशॉपमधला माणूस. त्याची १९३२ ची तीन खिडक्यांची फोर्ड कूपे. इंजिनं दोघांचीही एकाच घराण्यातली, साइड व्हॉल्व्हची व्ही-एट. तिकडे तिला फ्लॅटहेड म्हणतात, कारण व्हॉल्व्ह सगळे ब्लॉकमध्ये आणि हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. हर्नांडेझकडे सुपरचार्जर नव्हता. त्याच्या टाकीत नायट्रो होतं. दोघं सुटले आणि कूपे जिंकली.

तिकडच्या शर्यतवाल्यांच्या बोलीत 'गॅस' म्हणजे साधं पेट्रोल आणि 'फ्युएल' म्हणजे मेथॅनॉल-नायट्रोचं मिश्रण. म्हणून या गाड्या फ्युएल कूपे.

माझं मत सरळ आहे. त्या दिवशी गाडी जिंकली नाही, टाकी जिंकली. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त छळतोय: छप्पर, दारं, काचा असलेली जड कूपे शर्यतीला न्यायचीच कशाला? रोडस्टर हलकी, आणि पुढे तर नुसत्या सांगाड्याचे ड्रॅगस्टर आले. तरी ही माणसं कूपेला का चिकटून राहिली?

---

भोचक_भवानी | शुक्रवार, रात्री १०:३१

शीर्षक वाचून मला वाटलं फर्स्ट क्लासच्या कूपेबद्दल धागा आहे. दोन बर्थचा डबा, दार लावलं की आपलं राज्य. आई-बाबा लग्नानंतर महाबळेश्वरहून परतताना पुणे-मुंबई कूपेने आले होते, ते अजून सांगतात.

वाचतेय. गाड्यांतलं काही कळत नाही, पण तुम्ही असं लिहिलंत की कळावंसं वाटतंय.

---

निळा_धूर | शुक्रवार, रात्री १०:४०

@भोचक_भवानी, शब्द एकच आहे हो! फ्रेंचमध्ये कूपे म्हणजे कापलेली. घोडागाडीचा मागचा भाग कापून दोघांपुरती केलेली बग्गी, तीच पुढे दोघांची मोटार झाली आणि दोघांचा रेल्वेचा डबाही. अमेरिकन लोक तोंडाने 'कूप' म्हणतात. गंमत म्हणजे हॉट रॉडवाल्यांनी ही कापलेली गाडी पुन्हा कापली. छताचे खांब मधून कापायचे, तुकडा काढून टाकायचा आणि छत खाली आणून डकवायचं.

---

टवाळ_टोळी | शुक्रवार, रात्री १०:४४

आरएक्स-१०० मध्ये नायट्रो टाकलं तर काय होईल? मित्र विचारतोय.

---

कऱ्हाडकर | शुक्रवार, रात्री ११:२०

फ्लॅटहेड व्ही-एट हा शब्द वाचला आणि आजोबाच समोर उभे राहिले.

महायुद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमध्ये फोर्डचे ट्रक विकायला निघाले तेव्हा आजोबांनी एक घेतला. कऱ्हाड ते चिपळूण, कुंभार्ली घाटातून माल. घरात त्या ट्रकला कोणी ट्रक म्हणत नसे, 'व्हीएट' म्हणत. "व्हीएट आली का रे?" असं आजी ओसरीवरून विचारायची. आवाज दोन वळणं आधी ओळखू यायचा.

आजोबांची तक्रार कायम एकच: तापते. घाटात दर दोन-तीन मैलांवर थांबायचं, रेडिएटरचं झाकण गोणपाटाने धरून हळूच सोडायचं, झऱ्याचं पाणी भरायचं. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं, नाहीतर नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी चढावर मान टाकायची. ते फडकं ओलं ठेवायचं काम क्लीनरचं, आणि सुट्टीत माझ्या वडिलांचं. वडील सांगतात, त्या फडक्यातून निघणारी वाफ बघून घाट किती उरला ते कळायचं.

पुढे मी स्वतः एक मोडका ब्लॉक उघडा पाहिला तेव्हा कारण कळलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आतल्या बाजूला, दरीत. जळका वायू बाहेर यायचा तर ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या शेजारून, पाण्याच्या मधून वाट काढत यायचा. त्यात मधल्या दोन सिलिंडरांना मिळून बाहेर पडायचं भोक एकच. म्हणजे आठ सिलिंडर आणि भोकं सहा. चुलीचा धुराडा माजघरातून नेल्यासारखं. घर तापणारच.

१९३२ साली ही व्ही-एट आली तेव्हा ३.६ लिटर आणि ६५ अश्वशक्ती. स्वस्त गाडीत आठ सिलिंडर ही तेव्हा अचाट गोष्ट होती. मुंबईत फोर्डचा जोडणीचा कारखाना १९२६ पासून १९५४ पर्यंत होता, त्यामुळे आपल्याकडेही व्ही-एट पुष्कळ होत्या. आमच्या भागात तरी जुन्या मिस्त्र्यांना ती तोंडपाठ होती.

मुद्द्याचं: असल्या तापट इंजिनावर दुप्पट ताकदीचं इंधन? आजोबा असते तर हात जोडले असते.

---

रसायनी | शनिवार, सकाळी ७:०५

@कऱ्हाडकर, प्रतिसाद फार आवडला. धुराड्याची उपमा वर्गात वापरणार.

आता तुमच्या शंकेचं उत्तर. त्या मिश्रणातलं मेथॅनॉल इंजिन थंड ठेवतं. द्रवाची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, आणि मेथॅनॉल पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता ओढतं. शिवाय ते ओतायचंही भरपूर असतं. त्यामुळे फ्लॅटहेडसारख्या तापट इंजिनाला मेथॅनॉल मानवतं. आत येणारी हवाच गार होते.

नायट्रोचं गणित वेगळं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. मेथॅनॉलला ६.४. नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण ऑक्सिजनचे दोन अणू त्याच्या रेणूतच बसलेले आहेत.

आता एक किलो पेट्रोलमधून मिळतात साधारण ४४ मेगाज्यूल, नायट्रोतून ११.३. म्हणजे वजनावर पाहिलं तर नायट्रो गरीबच. पण इंजिनाची अडचण इंधनाची नसते, हवेची असते. सिलिंडरच्या एका घोटात ठरावीकच हवा मावते. तेवढ्याच हवेत नायट्रो पेट्रोलच्या आठ-साडेआठ पट ओतता येतं. हिशेब करा: एका घोटामागे सव्वादोन पट उष्णता.

म्हणून सुपरचार्जर विरुद्ध नायट्रो हा मुळात एकाच प्रश्नावरच्या दोन उत्तरांचा सामना होता. ऑक्सिजन वाढवायचा कसा? सुपरचार्जर म्हणजे फुंकणी. नायट्रो म्हणजे वारा पोटात घेऊन आलेलं लाकूड. आणि फुंकणी फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते, नायट्रोला तो खर्च नाही. धागाकर्त्याशी मी सहमत. टाकी जिंकली.

@टवाळ_टोळी, मित्राला सांगा, अजिबात नको. तुमच्याकडे 'नायट्रो' म्हणून जो बाटला लावतात तो नायट्रस ऑक्साइडचा, तो वायू आहे. हे नायट्रोमिथेन द्रव आहे. पेट्रोलच्या जेटमधून ते पुरेसं जाणारच नाही, मिश्रण कोरडं पडेल आणि पिस्टनला भोक पडेल. त्यात मेथॅनॉल विषारी, डोळे जातात, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही. माणूस पेटलेला असतो आणि बघणाऱ्याला कळत नाही.

---

टवाळ_टोळी | शनिवार, सकाळी ८:५०

मित्राने विचार सोडला. धन्यवाद रसायनी सर. ज्योत दिसत नाही हे वाचून अंगावर काटा आला.

---

विमानवेडा | शनिवार, सकाळी ९:३०

मी पुण्यात पंचवीस वर्षं रेडिओ कंट्रोलची विमानं उडवतोय. तुम्ही ज्याला फ्युएल म्हणताय ते माझ्या माळ्यावर डब्यात आहे. मेथॅनॉल, वंगणाला एरंडेल, आणि पाच ते पंधरा टक्के नायट्रो. आमच्या ग्लो इंजिनांचं हेच खाद्य. रविवारी उडवून आलो की शर्टाला येणारा जळक्या एरंडेलाचा वास बायकोला तीन खोल्यांपलीकडून येतो.

दोन गोष्टी हाताने अनुभवलेल्या सांगतो. एक, नायट्रो वाढवलं की सुई सोडावी लागते, म्हणजे इंधन जास्त द्यावं लागतं. पाच टक्क्यांवर सेट केलेल्या इंजिनात पंधरा टक्क्यांचं ओतलं आणि सुई तशीच ठेवली तर आवाज पातळ होतो, किंचाळल्यासारखा, आणि मग इंजिन बसतं. दोन, नायट्रो वाढवलं की हेडखाली पातळ शिम घालून कॉम्प्रेशन कमी करावं लागतं, नाहीतर वेळेआधीच बार उडतो.

दुसऱ्या गोष्टीमुळे मला फ्लॅटहेडचं कोडं सुटलं. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच फार वाढवता येत नाही, कारण हेडच्या पोकळीत व्हॉल्व्हला उघडायला जागा सोडावी लागते. पेट्रोलवर ते त्याचं वैगुण्य. नायट्रोवर तेच पथ्यावर पडलं.

आणि मॉडेलवाल्यांची कॉलर जरा ताठ करतो: दोरीला बांधून गोल फिरवायच्या छोट्या शर्यतीच्या मोटारी तिकडे चाळीसच्या दशकात जोरात होत्या, आणि त्या इंजिनांत नायट्रो आधीपासून होतं.

---

पाच_गिअर | शनिवार, सकाळी ११:१५

रसायनी आणि धागाकर्ता, दोघांशीही असहमत.

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. पहिल्या शंभर फुटांत निम्मी शर्यत संपते. मी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगला दोनदा गाडी घेऊन गेलोय. दोन्ही वेळा माझ्यापेक्षा कमी ताकदीच्या गाडीने मला मारलं. का? माझी चाकं जागेवर गरगर फिरत राहिली आणि तो निघून गेला. एकदा तर टायरच्या धुरात मला समोरचा झेंडासुद्धा दिसेना. गाडी ट्रेलरवर चढवताना मागच्या टायरला हात लावला तर चटका बसला, आणि टायमिंग बघायला गेलोच नाही.

१९४९ चे टायर डोळ्यांसमोर आणा. अरुंद, कडक, रस्त्याचे. उघड्या टपाची हलकी गाडी, पुढे जड इंजिन, मागे काहीच वजन नाही, आणि वर सुपरचार्जर. ती ताकद जमिनीवर उतरणार कशी? कूपेला मागच्या धुरेवर छप्पर आणि पत्रा होता. थोडी जड, पण पकड जास्त. धागाकर्त्याचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. कूपे जिंकली, कारण ती कूपे होती.

---

रसायनी | शनिवार, सकाळी ११:४०

पकडीचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग प्रत्येक शर्यत जड गाडीनेच जिंकली असती.

---

पाच_गिअर | शनिवार, सकाळी ११:४८

जड नाही सर. वजन कुठे आहे ते महत्त्वाचं. म्हणून तर पुढे सगळ्यांनी इंजिन मागे सरकवायला सुरुवात केली.

---

लेथमास्तर | शनिवार, दुपारी ३:१०

जेवून निवांत बसलो आणि सगळा धागा वाचला. मी कोल्हापूरचा, चाळीस वर्षं लेथवर आणि पत्र्याच्या कामात. मला इंजिनापेक्षा त्या छपरांबद्दल बोलायचंय.

छत खाली आणणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. १९३२-३४ च्या फोर्डचे खांब सरळ उभे नाहीत, वर जाताना आत कलतात. त्यामुळे मधून चार इंच काढले की वरचा भाग आणि खालचा भाग जुळत नाहीत, वरचा लहान पडतो. मग छत आडवं-उभं कापून मध्ये पट्ट्या घालून मोठं करायचं, नाहीतर खांब तिरपे वळवायचे. दाराच्या चौकटीही तेवढ्याच कापायच्या. हे सगळं गॅस वेल्डिंगने, पातळ पत्र्यावर, पत्रा वेडावाकडा न होऊ देता. मी एकदा एका जुन्या गाडीचा नुसता एक खांब बदलला होता, तर दार परत बसवायला मला तीन दिवस लागले. बंद होताना 'खट्' असा एकच आवाज यायला हवा, तो येईना.

म्हणून पिअर्सन बंधूंची १९३४ ची तीन खिडक्यांची फोर्ड बघितली की मी टोपी काढतो. छत इतकं खाली की खिडक्या म्हणजे नुसत्या फटी. पुढची काच मागे झोपवलेली, वारा सरकून जावा म्हणून. एडलब्रॉकचं सामान लावलेलं फ्लॅटहेड, आणि १९५० च्या सुमाराला सुकलेल्या तळ्यांवर ती ताशी दीडशे मैलांच्या आसपास पळत होती. घरच्या गाडीच्या पत्र्यात!

---

निळा_धूर | शनिवार, दुपारी ४:०२

लेथमास्तर, 'खट्' आवाजाबद्दल लिहिलंत ते वाचून खुर्चीतून उठून आमच्या गाडीचं दार दोनदा लावून बघितलं.

पिअर्सन कूपेमागे एक गोष्ट आहे. तळ्यांवरच्या वेगाच्या शर्यती भरवणारी मुख्य संघटना, एससीटीए, १९३७ ची. तिच्याकडे सुरुवातीला रोडस्टर आणि पूर्ण निमुळत्या गाड्यांनाच प्रवेश होता. कूपे म्हणजे आईला बाजारात न्यायची गाडी, ती कसली शर्यतीची! मग रसेटा नावाची दुसरी संघटना निघाली, तिने कूपेवाल्यांना दार उघडलं. पुढे १९५० मध्ये सी. जे. हार्टने सांता आनाच्या विमानतळाची धावपट्टी रविवारी भाड्याने घेऊन तिकीट लावून ड्रॅग सुरू केल्या, तोपर्यंत कूपेवाले कोणाच्या परवानगीला थांबणारे राहिले नव्हते.

---

भोचक_भवानी | शनिवार, दुपारी ४:२०

म्हणजे कूपेवाल्यांना पंक्तीत पानच वाढलं नव्हतं, म्हणून त्यांनी वेगळी पंगत मांडली? मग चिकटून का राहिले हे मला तरी कळलं. ज्या गाडीला हाकललं, तीच जिंकवून दाखवायची.

---

विमानवेडा | शनिवार, दुपारी ४:२५

+१. मला तर हेच कारण पटतं.

---

सॅनडिएगोकर | रविवार, सकाळी ६:५०

उशिरा आलो, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. एकवीस वर्षं इकडे आहे, मूळचा सोलापूरचा.

माझ्या शहराचं नाव या विषयात आदराने घेतात ते बीन बँडिट्समुळे. वाकीन आर्नेट आणि त्याचे मित्र, बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन पोरं. लोक त्यांना हिणवायचे तेच नाव त्यांनी क्लबला घेतलं. पैसा नाही, सुटे भाग भंगारातून, पण नायट्रो मुक्तहस्ते ओतण्यात ही मंडळी अगदी पहिल्यांत होती. भोचकताई, तुमचं वेगळ्या पंगतीचं वाक्य त्यांना चपखल बसतं.

आता बेकर्सफील्डचा अनुभव. तिथल्या फमोसो स्ट्रिपवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. अंधार पडताना जुन्या फ्युएल गाड्या ओळीने आणून नुसत्या चालू करतात, शर्यत नाही. त्यांना स्टार्टर नसतो. मागून पिकअप ढकलत आणतो, तेलाचं प्रेशर चढलं की आतला माणूस मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, चालू करतो, आणि मग जे होतं ते कानांनी ऐकायचं नसतं, बरगड्यांनी ऐकायचं असतं. माझ्यापासून पंधरा फुटांवर एक बुटकी काळी कूपे उभी राहिली. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून पिवळट ज्वाळा वर, छपराच्या उंचीपर्यंत. ढोल-ताशाच्या पथकात अगदी ताशाला खेटून उभं राहिल्यावर छातीत होतं तसं, पण त्याच्या दसपट. आणि वास! घरात मिरच्या भाजल्या की जसा सगळ्यांना ठसका लागतो तसा शंभर माणसांना एकदम लागला. डोळ्यांतून पाणी, आणि सगळे हसतायत. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ रुमाल न काढता तसेच उभे होते. डोळे धुरामुळे भरले होते की आठवणींनी, मी विचारलं नाही.

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि घरात शिरताच आईला म्हणाला, "आई, गाडी श्वास घेत होती."

---

मोरपंखी | रविवार, सकाळी ९:१२

शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले. मुलाला आशीर्वाद.

---

घाटवळण | रविवार, सकाळी १०:४५

धाग्यात १९५७ चा उल्लेख अजून कसा आला नाही? त्या वर्षी फेब्रुवारीत लायन्स स्ट्रिपवर एमरी कुकने ताशी १६६ मैलांच्या पुढे मजल मारली आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. वॉली पार्क्सने १९५१ मध्ये उभ्या केलेल्या एनएचआरएने, म्हणजे ड्रॅग शर्यतींच्या संघटनेने, नायट्रोवर बंदी घातली. फक्त पेट्रोल. कारणं देण्यात आली ती सुरक्षेची आणि खर्चाची.

माझ्या मते बंदी योग्य होती. ब्रेक ड्रमचे, टायर रिमोल्ड केलेले, पुढे धावपट्टी संपली की शेत. माणसं वाचली पाहिजेत.

---

लेथमास्तर | रविवार, सकाळी ११:२०

घाटवळण, सुरक्षेचं पटतं. पण बंदीने वेग थांबला का? नायट्रो नाही म्हटल्यावर पोरांनी एका गाडीत दोन-दोन इंजिनं बसवली. ते काय सुरक्षित होतं?

---

सॅनडिएगोकर | रविवार, दुपारी १२:०५

आणि बंदी सगळीकडे पाळलीही गेली नाही. १९५९ च्या मार्चमध्ये बेकर्सफील्डला स्मोकर्स क्लबने फ्युएलची मोठी स्पर्धा भरवली आणि फ्लोरिडाहून ड्रॅगस्टर चालवणाऱ्या डॉन गार्लिट्सला बोलावलं. शेवटी एनएचआरएलाच नमतं घ्यावं लागलं. १९६३ च्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स स्पर्धेत टॉप फ्युएल, म्हणजे नायट्रोवरच्या ड्रॅगस्टरांचा वर्ग, परत आलं, आणि जिंकला कोण? गार्लिट्सच.

तरी घाटवळण यांचा मुद्दा मी मोडीत काढणार नाही. त्याच गार्लिट्सचा १९७० मध्ये लायन्सवर गिअरबॉक्स फुटून उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. इंजिनामागे बसायची जागा किती वाईट आहे हे त्याला पायाने शिकवलं, आणि मग तो इंजिन पाठीमागे घेऊन आला.

---

पेट्रोलपंप | रविवार, दुपारी १:३०

अवांतर: बंदीच्या काळात कूपेवाले गप्प नव्हते बसले. पेट्रोलवरच्या गॅसर वर्गात १९४१ ची विलीज कूपे राजा झाली. विलीज म्हटलं की आपल्याला महिंद्राची जीप आठवते, तीच कंपनी. स्टोन, वुड्स आणि कुक यांची विलीज त्यात सगळ्यांत गाजलेली. स्टोन आणि वुड्स हे कृष्णवर्णीय मालक, कुक गोरा चालक, आणि काळ १९६० च्या आगेमागेचा. त्या काळात एकाच दारावर अशी तीन नावं रंगवणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

दुसरं अवांतर: फियाट टोपोलिनो! ५६९ सीसी, तेरा अश्वशक्तीची इटालियन चिमुरडी. पन्नाशीच्या सुरुवातीला कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये फियाट ५०० जोडली जायची, ती हीच. अमेरिकेत जॅझी नेल्सनने टोपोलिनोच्या पत्र्यात फ्लॅटहेड बसवून नायट्रोवर पळवली आणि भल्याभल्यांना घाम फोडला. पुढे त्याच पत्र्यात हेमी, म्हणजे अर्धगोल हेडची, इंजिनं आली. मोंडेलो-मात्सुबारा जोडीची फियाट तर इतकी आखूड आणि इतकी ताकदवान की सरळ रेषेत नेणं हीच कसरत.

---

कऱ्हाडकर | रविवार, दुपारी २:१५

टोपोलिनो! आमच्या गावच्या डॉक्टरांकडे होती. चार पोरांनी उचलून देवळामागे नेऊन ठेवली होती एकदा शिमग्याला. त्यात व्ही-एट बसवलेली मनात आणूनच हसू फुटतंय.

---

लेथमास्तर | रविवार, संध्या. ५:४०

मूळ वादाकडे येऊ. फुंकणी की लाकूड?

उत्तर दहा वर्षांत मिळालं: दोन्ही. १९५१ मध्ये क्रायस्लरचं हेमी आलं, ५.४ लिटर, १८० अश्वशक्ती. हेड अर्धगोल, व्हॉल्व्ह समोरासमोर, धुराडा माजघरातून नाही तर थेट बाहेर. कऱ्हाडकर, तुमच्या आजोबांची तक्रार तिथे मिटली. त्यावर पोरांनी जीएमसीचा ६-७१ ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, चढवला. हा ब्लोअर मुळात टू-स्ट्रोक डिझेलचा. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ६-७१. युद्धात शेरमन रणगाड्यांच्या एका प्रकारात असली दोन इंजिनं जोडीने असायची. युद्ध संपल्यावर भंगारात ब्लोअरचा ढीग पडला, आणि मोटारींच्या पोरांना सोन्याची खाण सापडली.

हे सगळं ज्या एका गाडीत बघायचं ती म्हणजे जीन मूनीहॅम आणि अल शार्प यांची १९३४ ची फोर्ड कूपे, क्रमांक ५५४. हेमी, वर ब्लोअर, टाकीत नायट्रो, आत लॅरी फॉस्ट. गोलेटात समोरासमोर उभे राहिलेले कॉब्ज आणि हर्नांडेझ या एका गाडीत एकत्र बसलेत असं मला तिचा फोटो बघताना वाटतं.

---

रसायनी | रविवार, संध्या. ६:००

वा, लेथमास्तर. फुंकणीने वारा घालायचा तो वारा पोटात असलेल्या लाकडाला. मी वाद इथे सोडतो.

---

पाच_गिअर | रविवार, संध्या. ६:२२

मी नाही सोडत! तोवर गुळगुळीत रुंद स्लिक टायर आले होते, म्हणून ती ताकद जमिनीवर उतरली. पकड, मंडळी, पकड. पण ५५४ च्या बाबतीत लेथमास्तरांचं वाक्य लिहून ठेवतो.

---

निळा_धूर | रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं 'टाकी जिंकली' हे मत पाच_गिअर यांनी बरंच हलवलं आहे, हे मान्य करतो. शंभर फुटांत पकड आणि पुढे टाकी, असं आता म्हणेन.

दुसऱ्या प्रश्नावर आज संध्याकाळी एक धागा हाती लागला तो सांगतो. हर्नांडेझ पुढे काय करत होता म्हणून शोधत गेलो. साठच्या दशकात तो लिंकन-मर्क्युरीच्या शर्यत विभागाचा प्रमुख होता. १९६६ मध्ये याच विभागाने मर्क्युरी कॉमेटच्या रूपातली एक गाडी काढली: खाली लॉगी बंधूंनी केलेला नळ्यांचा सांगाडा, वर फायबरग्लासचं एकसंध कवच, मागे बिजागरी आणि पेटीच्या झाकणासारखं पुढून उचलता येणारं. इंधन नायट्रो. डॉन निकल्सनने ती चालवली आणि पुढच्या सगळ्या फनी कारचा साचा तिथे पडला. आजच्या फनी कारही अशाच, कवच उचललं की आत सांगाडा.

म्हणजे बघा. आत पूर्ण ड्रॅगस्टर, कवचाची यांत्रिक गरज शून्य. तरी वर छप्पर, काचा, दिवे, कंपनीचं बोधचिन्ह, सगळं हुबेहूब. कारण गॅलरीतल्या माणसाला ओळखीची गाडी पळताना बघायची असते. घराच्या दारात उभी असते ती. आणि हे करणाऱ्यांत तोच माणूस होता जो १९४९ मध्ये रस्त्यावरची कूपे घेऊन गोलेटाला गेला होता.

मूनीहॅम-शार्पच्या ५५४ वर स्वतंत्र धागा काढावा म्हणतोय. लेथमास्तर, छपराच्या कापाकापीचा भाग तुम्ही लिहाल का?

---

लेथमास्तर | सोमवार, सकाळी ६:३५

लिहितो. पण आधी पुठ्ठ्याचं मॉडेल करून कापून बघतो, मगच लिहीन. नातू सुट्टीला आलाय, त्याला कात्री देतो.

---

कऱ्हाडकर | सोमवार, सकाळी ७:१०

वडिलांना रात्री सगळा धागा वाचून दाखवला. ८१ वर्षांचे आहेत. सॅनडिएगोकरांच्या मुलाचं वाक्य आलं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "व्हीएट पण घ्यायची. घाट चढून वर आली की."